किनाऱ्यावर सापडलेल्या जुन्या धातूच्या वस्तू: धातू कसा ओळखायचा?

वाळूरेघ:
भरतीच्या रेघेत तीन वस्तू मिळाल्या. ९ सेंमीचा हिरवट खिळा, दांडा चौकोनी, चुंबक लागत नाही, वजन ६८ ग्रॅम. साधारण १२ सेंमी व्यासाचा तपकिरी गोळा, अंगावर शिंपले-खडे घट्ट बसलेले, चुंबक जेमतेम ओढतो. आणि भोक असलेली राखाडी चकती, आकाराच्या मानाने फार जड. धातू कोणता, आणि साफ कसं करू?

खारंपाणी:
खिळ्याची घनता काढा. वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. खिळा बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर खिळ्याचं आकारमान. वजनाला त्याने भागा. तांबं ८.९, पितळ साधारण ८.४ ते ८.७, जस्त ७.१, शिसं ११.३. चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी झटकून टाका, नाहीतर घनता कमी येते.

वाळूरेघ:
काटा ८ दाखवतो. म्हणजे ८.५, पितळ?

खारंपाणी:
तुमचा काटा १ ग्रॅमचा दिसतो. मग खरा आकडा ७.५ ते ८.५ मध्ये कुठेही असू शकतो, म्हणजे घनता ८ ते ९. तांबं की पितळ हे त्यावरून ठरत नाही, ०.१ ग्रॅमचा काटा हवा. तोवर डोक्याखालच्या सपाट बाजूला, जिथे ठोक्याच्या खुणा नाहीत, तिथे सुईने अगदी छोटा ओरखडा काढा: तांबं लालसर, पितळ पिवळं. फक्त वरचा थर लाल आणि आत पिवळं दिसलं, तर ते पितळच. समुद्रात त्यातलं जस्त निघून जातं आणि वर सच्छिद्र तांबं उरतं. लाकडी जहाजांत तांब्या-पितळेचे खिळे खूप वापरायचे.

गंजवेध:
गोळ्याला हातोडा लावू नका. लोखंड गंजताना भोवतालची वाळू, चुना, शिंपले त्याला चिकटून कवच बनतं. आतलं लोखंड कधीकधी पूर्ण विरघळून फक्त पोकळ साचा राहतो, म्हणून चुंबकाच्या कमकुवत ओढीवरून आत काही नाही असं समजू नका. एक्स-रेमध्ये कळतं. बीड (ओतीव लोखंड) असेल तर लोखंड जाऊन ग्राफाइट उरतं. आकार तसाच, पण नखाने खरवडेल इतकं मऊ. असं बीड कोरडं पडलं की आतल्या क्षारांमुळे तडे जातात, पापुद्रे सुटतात, कधी ते तापतंही. म्हणून ओलंच ठेवा: गोड्या पाण्यात, लिटरला ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून. पाणी आठवड्याला बदला.

एक गोष्ट मात्र नक्की पाळा: गोल तोफगोळा पोकळ असू शकतो आणि आत स्फोटाची दारू असू शकते. गोळ्याला एखादं बुजलेलं भोक दिसलं, किंवा कुठल्याही लांबट वस्तूवर तांब्याचा पट्टा दिसला, तर हात लावायचा नाही. वस्तू घरी आणली असेल तर हलवू नका, सगळ्यांनी लांब व्हा आणि पोलिसांना कळवा. भोक पाडणं किंवा तापवणं तर कधीच नाही.

खारंपाणी:
चकती बहुतेक शिशाची, जाळ्याचं वजन असेल. कागदावर घासून पाहा, राखाडी रेघ उमटते. हिला सोड्याच्या पाण्यात घालू नका, व्हिनेगरमध्येही नाही. शिसं दोन्हीत झिजतं. धुऊन वाळवा, हात साबणाने धुवा, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. लाकडाच्या पेटीतल्या आम्लवाफांनी वर पांढरी पूड चढते.

गंजवेध:
खिळ्याचा हिरवा थर घासू नका. महिनाभराने फिकट हिरवी, भुरभुरीत पूड ठिपक्यांनी आली, तर आत क्लोराइड (समुद्राच्या मिठातला अंश) शिल्लक आहे. डिस्टिल्ड पाण्यात भिजवा. आणि वस्तू कुठे, किती खोलीवर मिळाली ते फोटोसकट आजच लिहून ठेवा. जुनं जहाज जवळ असेल तर पुरातत्त्व खात्याला पहिली गरज त्याच नोंदीची असते.