मन मारायचं की वळवायचं?

पर्वतीपायथा
गेल्या रविवारी आईला सदाशिव पेठेत एका प्रवचनाला घेऊन गेलो होतो. विषय मनोनिग्रह. बुवांनी तासभर एकच लावून धरलं: मनाला मारा, रडलं तर आणखी मारा. बाबांना जाऊन दीड वर्ष झालंय. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. रिक्षात म्हणाली, "नामात जीवच लागत नाही रे, मीच कुठेतरी कमी पडते." चार दिवस झाले, हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मन आवरणं म्हणजे वारा आवरणं. कृष्ण त्यावर चिडत नाही. ‘असंशयम्’ म्हणतो. खरंय तुझं, यात शंकाच नाही. मग अभ्यास आणि वैराग्य सांगतो. दुःखात असलेल्या बाईला गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार या बुवांना कुणी दिला?

शनिवारातला
आईंबद्दल वाईट वाटलं, पण मत पटलं नाही. दुसऱ्या अध्यायात हाच कृष्ण याच अर्जुनाला ‘क्लैब्यं मा स्म गमः’, नेभळटपणा करू नकोस, म्हणून खडसावतो. सोयीचा श्लोक तेवढा उचलू नका. योगसूत्रांत पतंजलींचा शब्दही ‘निरोध’च आहे, म्हणजे मनाला रोखणं, लाड नाही.

मी 22 वर्षं तंबाखू खाल्ली. सोडली तेव्हा टिळक रोडवरच्या टपरीसमोरून जायचं नाही म्हणून सात महिने पलीकडच्या फुटपाथने चाललो. तरी हात खिशाकडे जायचा, पुडी नसतानाही. तेव्हा मनाला समजावत बसलो असतो तर आजही खात असतो. दटावलं म्हणून सुटली.

पर्वतीपायथा
दादा, तुम्ही फुटपाथ बदललात, ती युक्ती होती. मन मारलं असतं तर टपरीसमोर उभं राहून मारलं असतं. आणि अर्जुनाला खडसावलं ते त्याने समोरचं काम टाकलं म्हणून. आईने काय टाकलंय? सगळं घर तीच चालवते.

कठोपनिषदातलं रथाचं रूपकही लोक उलटं सांगतात. त्यात घोडे म्हणजे इंद्रियं. मन हा लगाम आहे आणि सारथी बुद्धी. चाबूक लगामाला मारतात का?

नेहरूनगर
मध्येच बोलतो. माझे आजोबा स्टेशनवर टांगा चालवायचे. ते म्हणत, लगाम ओढूनच धरला की घोडं बिथरतं, सोडून दिला की गाडी खड्ड्यात. हाताला घोड्याचं तोंड कळलं पाहिजे. ते कळायला त्यांना वर्षं लागली, आणि पहिल्या वर्षी दोनदा टांगा उलटला. त्यामुळे शनिवारातल्यांचं अर्धं पटतं: धरावा तर लागतोच.

आळंदीवाट
वारकऱ्याच्या घरातली आहे, म्हणून राहवत नाही. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीत गीतेच्या याच सहाव्या अध्यायावर काय लिहिलंय बघा: ‘यया मनाचें एक निकें । जें देखिलें गोडीचिया ठाया सोके’. मनाचा एक गुण चांगला आहे. गोडी चाखली की ते तिथे सोकावतं. म्हणून त्याला अनुभवाचं सुख दाखवत राहायचं. ज्या खोडीने मन भटकतं, तिच्याच जोरावर त्याला घरी आणायचं!

पर्वतीपायथा, आईंना जपाच्या आकड्यात अडकवू नका. जवळ भजनी मंडळ असेल तर तिथे नुसतं बसू द्या. टाळ हातात आला की बाकीचं हळूहळू होतं. झोप, जेवण तुटलं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, त्यात परमार्थ आड येत नाही.

शनिवारातला
ओवी सुंदर आहे, पण तिच्या आधीच्याच ओवीत वैराग्याचा आधार सांगितलाय. तो गाळून नुसती गोडी घेतली की रात्री दोनपर्यंत मोबाइल बघणारा माणूसही म्हणेल, माझं मन सोकावलंय. आणि पतंजली अभ्यासाला ‘दीर्घकाल, नैरंतर्य, सत्कार’ अशा तीन अटी घालतात. खंड पडून चालत नाही. मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे.

पर्वतीपायथा
तिसरी अट सत्कार आहे, दादा. आदराने. मी तेवढंच मागतोय.

आळंदीवाट, काल आईला शेजारच्या मावशी भजनाला घेऊन गेल्या. टाळ घेतले नाहीत तिने, भिंतीला टेकून बसली. परत आल्यावर जेवताना बाबांच्या आवडत्या अभंगाची चाल जरा वेगळी लावली होती, असं म्हणाली.