सीए फायनलच्या अभ्यासात सातत्य राखण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. सोलापुरात नवी पेठेतील एका करसल्लागारांकडे नोकरी करीत मी सीए फायनलच्या पहिल्या ग्रुपची तयारी करीत आहे. प्रत्येक पेपरात किमान 40 टक्के आणि ग्रुपमध्ये एकूण 50 टक्के गुण आवश्यक असल्याने फायनान्शियल रिपोर्टिंग कितीही आवडीने केले, तरी ऑडिट टाळून चालत नाही. आणि नेमके तेच पुस्तक उघडले की मन उडते. त्यात आपल्याकडचा उन्हाळा, रात्रीसुद्धा खोली तापलेली. ‘जिद्द ठेव’ हे घरचे रोज सांगतातच, तेव्हा तो सल्ला कृपया नको. नोकरी सांभाळून ज्यांनी हा ग्रुप काढला, त्यांनी नावडत्या विषयासाठी कोणती वेळ राखून ठेवली, उत्तरे लिहिण्याचा सराव केव्हा सुरू केला आणि सोबतीने केलेला अभ्यास उपयोगी पडला का, हे सविस्तर सांगावे.