जुन्या गाडीचे शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) : नवी जोडी की जुनेच दुरुस्त करून (रिकंडिशन)?

घाटमाथा :
परवा इथे गॅरेजवाले ‘पानाबारा’ यांनी लिहिलं, “पंधरा वर्षांवरच्या गाडीला नवे शॉकअप म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी झूल. गळतोय तो एकच काढा, रिकंडिशन करून घ्या, सातशे रुपयांत काम.” खाली बऱ्याच जणांनी ‘अगदी बरोबर’ म्हटलंय. मला ते वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी झेन २००४ ची. २०२१ मध्ये मी नेमकं हेच केलं. पुढचा डावा गळत होता, तेवढाच रिकंडिशन करून बसवला. दोन महिने बरी चालली. मग आंबा घाट उतरताना ओल्या रस्त्यावर, उजव्या वळणात डावं चाक खड्ड्यात गेलं आणि गाडीचं नाक सरळ कठड्याकडे निघालं. आई मागे बसली होती. थांबलो तेव्हा कठडा दोन हातांवर होता.

शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही, ते काम स्प्रिंगचं. शॉकअप स्प्रिंगची उसळी जिरवतो आणि चाक रस्त्याला धरून ठेवतो. तो गेला की खड्ड्यानंतर चाक नाचत राहतं, आणि नाचणाऱ्या चाकाला ब्रेकही धरत नाही, वळणही धरत नाही. डाव्याचा जोर वेगळा, उजव्याचा वेगळा, असं झालं तर आणखी वाईट. म्हणून एका ॲक्सलवर, म्हणजे पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही, नेहमी जोडीच बदलायची.

रिकंडिशन कसं करतात ते मी नंतर शेजारी उभं राहून पाहिलं. नळीला भोक, जुनं तेल बाहेर, नवं आत, वेल्डिंगचा टाका, वर काळा रंग. आतला व्हॉल्व्ह झिजलेलाच, नळीत आत-बाहेर सरकणाऱ्या रॉडवरचे चरे तसेच. गॅसचा असेल तर भोक पाडलं की नायट्रोजन गेला, आणि तेलाला फेस येऊ नये म्हणून तर तो भरलेला असतो. दाबाखालच्या नळीला ड्रिल लावणं जिवावर बेतू शकतं, ते वेगळंच.

पानाबारा :
बत्तीस वर्षं गाडीखाली झोपतोय, त्यामुळे स्प्रिंग आणि शॉकअपमधला फरक मला शिकवू नका. अँबॅसिडरच्या लिव्हरवाल्या शॉकअपला तेल भरायला बूचच असायचं. बाइकच्या फोर्कचं (पुढच्या शॉकअपचं) तेल आणि सील आजही प्रत्येक गॅरेजात बदलतात. तिथे चालतं तर इथे पाप कसं?

तुमचा घाट तुम्ही सांगितलात, आता माझं गिऱ्हाईक ऐका. भाजीवाला आहे, व्हॅनवर घर चालतं. त्याला मी पाच-सहा हजार सांगितले तर तो काहीच करणार नाही, गळक्यावरच फिरेल. त्यापेक्षा सातशेत काहीतरी धरतं ना? मोठ्या वर्कशॉपात बसून ‘जोडीच बदला’ म्हणणं सोपं असतं.

घाटमाथा :
बूच असलेला शॉकअप उघडण्यासाठीच बनवलेला होता. फोर्कही उघडण्यासाठीच बनवलेला असतो. झेनचा बंद नळीचा आहे, तो उघडत नाहीत, कापतात. हा फरक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणूनच राग येतो. भाजीवाल्याला ‘हे चार महिन्यांचं काम आहे, घाटात जाऊ नको’ एवढं तुम्ही सांगता का?

कोकणवाट :
दोघेही एक गोष्ट विसरताय. नवा घ्यायचा, पण कोणता? मला एकाने ‘गॅसचा कडक टाक, गाडी रुळावरून चालल्यासारखी चालेल’ असं सांगितलं. जुन्या वॅगनारला महागडे बसवले. महाड ते चिपळूण कमरेचे हाल झाले, डॅशबोर्ड खडखडायला लागला. हलक्या गाडीची जुनी मऊ स्प्रिंग आणि वर कडक शॉकअप, जमणार कसं? शेवटी काढून गॅब्रिएल कंपनीचे साधे, गाडीच्या मापाचे बसवले. गाडी पुन्हा माणसात आली. कडक म्हणजे चांगला, हा गैरसमज जाळून टाका.

आणि स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचे बफर कोंबणारे! ते वेढे मग दबतच नाहीत, स्प्रिंग उगाच कडक होते आणि मेलेल्या शॉकअपवर आणखी भार येतो. उंची दोन बोटं वाढली म्हणून खूश होणाऱ्यांना कळतच नाही.

कृष्णाकाठ :
बफर लोक हौसेने टाकत नाहीत हो! आमच्या कॉलनीच्या तोंडाशी जो स्पीडब्रेकर आहे त्याला सेडान पोटावर घासते. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे : गोलसर उंचवटा, गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने गाडी आरामात जावी असा. आमच्याकडे काय आहे? हातभर रुंदीचा डांबराचा ढीग, त्यावर पट्टे नाहीत, आधी फलक नाही. रात्री आदळलो आणि एका दणक्यात शॉकअपची माउंटिंग (वरची रबरी बैठक) फाटली. तुम्ही जोडी बदला नाहीतर चौकडी बदला, हे ढीग आहेत तोवर सगळे पैसे पाण्यात.

दप्तरवाली :
तो ‘ढीग’ आमच्या शाळेसमोर आम्ही आयांनी भांडून घालून घेतलाय. त्याआधी चौथीतल्या मुलाचा पाय मोडला होता. ३.७ मीटरचा ऐसपैस उंचवटा केला असता तर तुमच्यासारखे पन्नासने उडवत गेले असते. शॉकअप बाजारात मिळतो, पाय मिळत नाही.

कृष्णाकाठ :
मी शाळेसमोरच्या ब्रेकरबद्दल बोललोच नाही. माझ्यावर मुलं मारल्याचा आळ घालू नका. माझ्या वडिलांना मणक्याचं ऑपरेशन झाल्यावर घरी आणत होतो. चार किलोमीटरमध्ये सतरा ब्रेकर, प्रत्येकावर ते विव्हळत होते. त्यांचाही रस्ता आहे ना तो?

कोकणवाट :
रुग्णवाहिकांचं तर विचारूच नका. आमच्या गावात प्रत्येक पुढाऱ्याच्या दारात एक ब्रेकर. शाळेसमोर हवाच, तो मापाचा हवा, पांढरे पट्टे हवेत, एवढंच म्हणणं आहे.

दप्तरवाली :
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पट्ट्यांचं तुमचं बरोबर आहे, आमच्याकडेही पावसाळ्यात पुसले गेले ते परत कुणी मारले नाहीत. पण ब्रेकर काढा म्हणून अर्ज आला तर मी पहिली विरोधात उभी राहीन.

घाटमाथा :
कृपया गाडीकडे या. पानाबारा, तुमची स्वतःची गाडी कुठली?

पानाबारा :
मारुती ८००, १९९९ ची. पुढे दोन्ही रिकंडिशन, तीन वर्षं झाली. बॉनेट दाबून सोडलं की एका झोक्यात थांबते.

घाटमाथा :
बॉनेट दाबल्यावर गाडी डुलत राहिली तर शॉकअप नक्की गेलेला असतो. पण थांबली म्हणजे तो चांगला आहे असं मुळीच नाही. हाताने दाबताना रॉड हळू हलतो, खड्ड्यात तो सपकन हलतो, तिथे खरी परीक्षा. सांध्यांतले रबरी बुश जाम झाले असले तरी गाडी एका झोक्यात थांबते. पुढच्या टायरवरून तळहात फिरवा. नाचणाऱ्या चाकाचा टायर जागोजागी झिजतो, तसे गोलाकार चढ-उतार लागतात का बघा, आणि खरं सांगा.

कोकणवाट :
आणि नवे बसवणाऱ्यांनी नकलच्या (शॉकअप चाकाला जोडणाऱ्या भागाच्या) दोन बोल्टांना आधी खूण करा, बसवल्यावर चाकांची अलाइनमेंट करा. माझ्याकडे ते राहिलं आणि नवीन टायर आतून खाल्ला. शिवाय स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर नीट नसेल तर पुढचं काम घरी करू नका. माझ्या भावाच्या हनुवटीला सात टाके आहेत. मागचे बहुतेक मारुतींत सोपे, स्प्रिंग वेगळी असते.

पानाबारा :
आज सकाळी हात फिरवला. डाव्या टायरला चढ-उतार आहेत. उजव्याला कमी, पण आहेत. हे मी अलाइनमेंटच्या नावावर खपवत होतो.

ठीक आहे, पुढची जोडी नवी घालतो. पण दोन गोष्टी मागे घेणार नाही. रिकंडिशन करणारे सगळे चोर नाहीत, गिऱ्हाईकाच्या खिशात जेवढं असतं तेवढंच काम त्यांना करता येतं. आणि भाजीवाल्याला मी तुमच्यासारखं रागावून सांगणार नाही. नव्या जोडीचे पैसे तीन हप्त्यांत दे म्हणणार आहे.

घाटमाथा :
चोर मी म्हटलं नव्हतं, पण तसं वाटलं असेल तर चूक माझी. हप्त्यांचं मला सुचलं नसतं. माउंटिंग, बंप स्टॉपर (शेवटचा दणका झेलणारं रबर) आणि धूळ अडवणारं डस्ट कव्हर त्याच वेळी बदला, नाहीतर तेवढ्यासाठी सगळं पुन्हा उघडावं लागेल. आणि बुशचे बोल्ट गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा.

पानाबारा :
ते बत्तीस वर्षं तसंच आवळतोय.