मदत हवी आहे: रमीवाल्या मंडळींना माहजाँग कसं शिकवू?

बेळगावच्या टिळकवाडीत दर रविवारी दोन तास आई, दोन मावश्या आणि शेजारच्या काकूंना माहजाँग (चौघांनी खेळायचा सोंगट्यांचा चिनी खेळ) शिकवतोय. संच एकच, १४४ सोंगट्यांचा. सगळ्या साठीपुढच्या, मोबाईलवरचं ॲप कुणालाच नको.

रमी पक्की असल्यानं हातातल्या १३ सोंगट्या, चौदावी उचलून चार गट (तीन सारख्या किंवा क्रमानं तीन) नि एक जोडी लावायची, हे पहिल्याच दिवशी जमलं. फुलं-ऋतूंच्या आठ सोंगट्या बाजूला ठेवल्या, चिनी आकड्यांवर मराठी अंकांचे स्टिकर चिकटवले (एका मावशीला कन्नड अंक हवे होते, तेही केले!). चार डाव सोंगट्या उघड्या ठेवूनही खेळलो.

घोडं अडलंय ते दुसऱ्यानं टाकलेली सोंगटी उचलण्यात. तीन सारख्यांसाठी कुणाचीही घेता येते, क्रमासाठी मात्र फक्त डावीकडच्याची. त्यात कुणी अशी उचलल्यानं मधल्यांची पाळी हुकली की लगेच भांडण, "माझी पाळी होती की!" आणि टाकलेली उचलल्यावर भिंतीतूनही (मधे रचलेल्या सोंगट्यांतून) एक घेतातच, जी घ्यायची नसते.

गुण अजून मोजत नाही, पैसे लावायचे नाहीत.

ज्यांनी नवख्यांना शिकवलंय त्यांना विचारतो: क्रमासाठी उचलणं काही आठवडे बंदच ठेवू का, की दोन्ही एकदमच शिकवलेलं बरं?