ठगांच्या सिरीज बघताना आपण ठगाच्याच बाजूने का असतो?

रातजागा_प्रेक्षक
स्कॅम १९९२ परत बघायला घेतलीये आणि यावेळी एक गोष्ट जाम खटकली म्हणून विचारतोय. पहिल्याच सीनमध्ये बँकेतला एक घाबरलेला माणूस पेपरच्या ऑफिसात येऊन ५०० कोटींचा घोटाळा झालाय म्हणून सांगतो, म्हणजे काय झालं, कुणी केलं, सगळं आधीच माहीत. आणि तरी पुढचे सगळे एपिसोड मी तो घोटाळा करणाऱ्या शेअर दलालाच्या, हर्षद मेहताच्या बाजूने! त्याची अडचण झाली की माझा जीव टांगणीला, पत्रकार सुचेता दलाल प्रश्न विचारायला लागली की मलाच वैताग, ही बाई कशाला मध्ये कडमडतेय असं. खऱ्या आयुष्यात मला कुणी सुट्ट्या पैशात गंडवलं तरी दिवसभर डोकं फिरलेलं असतं. मग इथे काय होतं नक्की? सगळ्यांचंच असं होतं का माझंच काहीतरी बिनसलंय?

विंगेतला
सगळ्यांचं होतं, निवांत रहा. माझ्या मते ठगाची सिरीज म्हणजे मुळात कामाची सिरीज. खोटं ऑफिस थाटायचं, खोटी लेटरहेडं छापायची, कोण कुठल्या दाराने येणार, कोण बरोब्बर त्याच वेळी फोन करणार, ही सगळी तयारी आपल्याला आधी दाखवतात म्हणजे आपल्याला टोळीत घेतलेलंच असतं. बीबीसीची हसल बघ (२००४ ते २०१२, आठ सीझन). त्यात मध्येच सगळं जग थिजतं, बाकीचे जिथल्या तिथे पुतळ्यासारखे उभे, आणि टोळीतले लोक तेवढे हलतात, कॅमेऱ्याकडे वळून आपल्याला डाव समजावतात. इतकं विश्वासात घेतल्यावर तू त्यांच्याविरुद्ध कसा जाशील? आणि खरी गंमत पुढे, कारण शेवटी फ्लॅशबॅक येतो आणि कळतं की आपण ज्याला डाव फसला म्हणत होतो तोच डाव होता, म्हणजे बकऱ्याबरोबर आपल्यालाही शेंडी लावली. फक्त आपल्या खिशाला चाट नाही, म्हणून टाळ्या.

स्कॅममध्येही तेच, बीआर कशी चालते ते समजलं की मजा येते. सिक्युरिटीज आमच्याकडे आहेत असं बँकेने लिहून दिलेला कागद म्हणजे बँक रिसीट, मागे सिक्युरिटीजच नसताना छोट्या बँकांकडून असे कागद काढून घ्यायचे, त्यावर मोठ्या बँकांचा पैसा उचलायचा आणि शेअर बाजारात फिरवायचा. अर्थशास्त्राच्या तासाला झोपा काढलेली माणसं त्या दिवसांत बीआरवर तावातावाने बोलत होती, मी पण त्यातलाच.

कोपऱ्यातली_खुर्ची
हसलमध्ये बकरा कायम माजोरडा आणि लोभी असतो हे पण सांगा की. प्रामाणिक माणसाला फसवता येत नाही हे त्या टोळीचं तत्त्वज्ञान. लेखकांसाठी फार सोयीचं आहे ते.

मधुमालती_
सोयीचं आहे आणि साफ खोटं आहे. माझ्या काकांना बँकेतून बोलतोय म्हणून फोन आला, कार्ड बंद होणारे, आत्ताच्या आत्ता नंबर सांगा. काका कसले लोभी, उलट आयुष्यभर सगळी कागदपत्रं फायलीत लावून ठेवणारा माणूस, आणि म्हणूनच घाबरले की आपल्याकडून काहीतरी राहून गेलं. पैसे गेले ते गेलेच पण नंतर लाजेने कुणाशी धड बोलेनात, फोन वाजला की दुसऱ्या खोलीत जायचे. जामतारा (२०२०) सगळे म्हणाले भारी आहे म्हणून लावली, मला पुढे बघवली नाही. पोरं फोन करतायत, हसतायत, पैशावरून भांडतायत, सगळं झकास केलंय, पण पलीकडचा माणूस म्हणजे दोन वाक्यांचा आवाज. फोन कट झाला की तो गोष्टीतून गेला. आमच्याकडे फोन कट झाल्यावरच सगळं सुरू झालं.

सिरीज वाईट आहे असं नाही म्हणत हां. पण आपण ठगाच्या बाजूने का असतो याचं उत्तर मला तरी एवढंच दिसतं, की ज्याचं गेलं त्याला आपण भेटलेलोच नसतो.

विंगेतला
@मधुमालती_ हे मान्य. पण मग ज्या सिरीजमध्ये तो माणूस दाखवतात तिथे आपण बाजू बदलायला हवी ना? तसं कायम होतच नाही.

अर्धवट_समीक्षक
होत नाही कारण भेटवतात कसं यावर आहे सगळं. इन्व्हेंटिंग अ‍ॅना (२०२२) घ्या. अ‍ॅना सोरोकिन, न्यूयॉर्कमध्ये गडगंज जर्मन वारस म्हणून मिरवायची, पैसे मागितले की ट्रान्सफर केलेत, येतीलच. मोरोक्कोच्या ट्रिपचं ६२,००० डॉलर्सचं बिल मैत्रिणीच्या गळ्यात पडलं. आता ही मैत्रीण म्हणजे चांगली ठसठशीत बळी, पण सिरीजने तिला इतकी फुकटी आणि चिडकी दाखवलीये की बघताना आपण म्हणतो बरं झालं. त्या बाईने पुढे नेटफ्लिक्सवर बदनामीचा खटला भरला. आणि अ‍ॅनाला नेटफ्लिक्सकडून मिळाले ३,२०,००० डॉलर्स! त्यातले बरेचसे बँकांची भरपाई आणि दंडात गेले म्हणा, पण हिशोब बघा की.

याच्या उलट द ड्रॉपआऊट, ती पण २०२२ चीच. रक्ततपासणीची थेरॅनोस कंपनी काढणारी एलिझाबेथ होम्स आरशासमोर उभी राहून आवाज खाली आणायची प्रॅक्टिस करते तो सीन बघा, तेच वाक्य पुन्हा पुन्हा, हसू येतं आणि थोडी कीवही येते. तिथपर्यंत आपण तिच्याबरोबर असतो. मग कंपनीत रक्ततपासण्या गुपचूप दुसऱ्याच कंपनीच्या मशीनवर चालू होतात, रिपोर्ट चुकायला लागतात, लॅबमधल्या नवख्या पोरांना कळतं पण वरचे ऐकून घेत नाहीत, आणि कॅमेरा त्या पोरांकडे वळतो. तिथे माझी बाजू बदलली, कुणी भाषण न देता. खऱ्या खटल्यात मात्र ज्युरीने तिला दोषी धरलं ते गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल, पेशंटना फसवल्याच्या आरोपातून ती सुटली. पेशंटच्या बाबतीत सिरीजने जे दाखवलं ते कोर्टात टिकलंच नाही, हे मला अजून पचत नाही.

रातजागा_प्रेक्षक
बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. विंगेतला म्हणतो ते तयारीचं मला अगदी पटलं. पण मधुमालतीताई, तुमचं वाचून काल पुढचा एपिसोड लावला आणि सारखं डोक्यात येत होतं की यात शेअर घेऊन बुडालेली साधी माणसं आहेत कुठे? असतील एखाद्या सीनमध्ये, पण त्यांची नावं मला आठवत नाहीत आणि हर्षदच्या गाडीचा मॉडेल पाठ आहे. तरी सिरीज सोडणार नाही, हर्षद झालेला प्रतीक गांधी हसला की माझा विरोध संपतो, काय करू. ड्रॉपआऊट लिस्टमध्ये टाकली. हसल कुठून सुरू करू, आठ सीझन म्हणजे जरा जास्तच होतात.

कोपऱ्यातली_खुर्ची
पहिल्यापासूनच कर. चौथ्या सीझनमध्ये टोळीचा म्होरक्या मिकी नाहीये, तो सरळ गाळला तरी चालेल, पाचव्यात परत येतो. पण तेव्हा टोळीतले दोन चेहरे बदललेले असतील, आधीच सांगून ठेवते.