पाण्यातल्या युट्रिक्युलॅरियाचे फुगे कसे चालतात?

पाणवनस्पती: टाकीतल्या युट्रिक्युलॅरिया ऑरियाला मुळंच नाहीत. मग ती जगते कशी? बाहेर काढली की काही फुग्यांत (भक्ष्य पकडणाऱ्या तिच्या छोट्या पिशव्यांत) हवा दिसते. रोग आहे का?

तळेकाठ: रोग नाही. मुळं या वनस्पतीला नसतातच. बारीक चिरलेली पानं पाण्यातले क्षार थेट शोषतात. नत्र-स्फुरदाची उणीव फुगे भरून काढतात. फुग्याची भिंत जेमतेम दोन पेशी जाड. आतल्या ग्रंथी पाणी बाहेर उपसतात, आत दाब घटतो, भिंती आत ओढल्या जातात. फुग्याच्या दारावरच्या केसाला पाणपिसू (डॅफ्निया, पाण्यातला बारीक जीव) लागला की दार मिलिसेकंदाच्या आत उघडतं आणि पाण्यासकट भक्ष्य आत! पुन्हा सज्ज व्हायला साधारण 15 ते 30 मिनिटं. पाण्याबाहेर दार सुटलं तर हवाच ओढली जाते, म्हणून ते बुडबुडे.

पाणवनस्पती: नवीन फांदीवर फुगे कमी येताहेत, शेवाळही वाढलंय.

भिंगवाला: खत घालताय ना? बंद करा. पाण्यातच पोषण मिळालं तर ही कशाला फुगे बनवेल? शिवाय शेवाळ पानांना गुंडाळून उजेड अडवतं. निम्मं पाणी काढून पावसाचं किंवा आरओचं भरा, डॅफ्निया सोडा. काळवंडलेले फुगे तोडू नका, बहुतेकदा ते भक्ष्यानं भरलेले असतात.