मदत हवी आहे : व्हिसेरा (शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेले अवयव) अहवालात विष आढळले नाही, तरी मृत्यूचे कारण फवारणीची विषबाधा ठरू शकते का?

नमस्कार. न्यायवैद्यक, रासायनिक विश्लेषण किंवा फौजदारी कायदा यांचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या सभासदांकडून पुढील बाबतीत मार्गदर्शन हवे आहे.

माझे चुलते यवतमाळ जिल्ह्यात कापसाची शेती करीत असत. सप्टेंबरच्या अखेरीस, खांद्यापर्यंत वाढलेल्या पऱ्हाटीत पाठीवरच्या पंपाने प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचे तयार मिश्रण फवारत असताना त्यांना मळमळू लागले. संध्याकाळपर्यंत उलट्या, दरदरून घाम आणि तोंडाला फेस अशी अवस्था झाल्यामुळे त्यांना रुग्णालयात दाखल केले. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्याची नोंद तेथील कागदांत आहे. अ‍ॅट्रोपिन आणि पॅम ही विषावरच्या उताऱ्याची औषधे सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी ते आमच्याशी बोलले. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांना मान उचलता येईना, श्वास अपुरा पडू लागला, कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले आणि पाचव्या दिवशी ते वारले.

शवविच्छेदन अहवालात मृत्यूच्या कारणाबाबतचे मत रासायनिक विश्लेषणाच्या अहवालापर्यंत राखून ठेवले होते. बऱ्याच महिन्यांनी आलेल्या सी.ए. (रासायनिक विश्लेषकाच्या) अहवालात एवढेच म्हटले आहे की सर्वसाधारण व विशिष्ट रासायनिक चाचण्यांत मुद्देमाल क्रमांक १, २ व ३ मध्ये कोणतेही विष आढळले नाही. बरणी क्रमांक १ मध्ये जठर व आतड्याचा भाग, २ मध्ये यकृत, प्लीहा व मूत्रपिंडाचे तुकडे आणि ३ मध्ये रक्त होते. काकूंनी शेतकरी अपघात अनुदानासाठी केलेल्या अर्जावर आता तोंडी उत्तर मिळते की विषबाधेचा पुरावाच नाही, त्यामुळे प्रकरण पुढे जाणार नाही.

पाच दिवस विषबाधेवर उपचार झालेल्या माणसाच्या शरीरात विष सापडत नाही, हे शास्त्रीयदृष्ट्या शक्य आहे का? असल्यास मृत्यूचे कारण ठरविण्याचा अधिकार नेमका कोणाचा, प्रयोगशाळेचा की शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा? आणि या टप्प्यावर आम्ही कोणते कागद, कोणाकडे मागावेत? आम्हाला कोणावर आरोप करायचा नाही. कारणाची नोंद योग्य व्हावी एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद (निवृत्त रासायनिक विश्लेषक)

शक्य आहे, आणि आपण वर्णन केलेल्या परिस्थितीत ते आश्चर्यकारकही नाही. प्रयोगशाळेच्या त्या वाक्याचा अर्थ ‘विष नव्हते’ असा घेतला जातो, परंतु ते वाक्य तसे म्हणत नाही. पाठविलेल्या नमुन्यांत, वापरलेल्या पद्धतींनी, त्या पद्धतींच्या क्षमतेइतक्या प्रमाणात विष मिळाले नाही, इतकाच त्याचा आवाका आहे.

आपल्या प्रकरणात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिली म्हणजे विष शरीरात शिरण्याचा मार्ग. फवारणीत ते प्रामुख्याने त्वचेतून आणि काही अंशी श्वासावाटे जाते, त्यामुळे विष प्यायलेल्या माणसाच्या जठरात जो साठा हमखास मिळतो, तो येथे मुळातच नसतो. दुसरी आणि माझ्या मते निर्णायक गोष्ट म्हणजे मधले पाच दिवस. प्रोफेनोफॉससारख्या सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशकांचे शरीर वेगाने विघटन करते आणि तुकडे लघवीवाटे बाहेर टाकते. प्रोफेनोफॉसचा असा ओळखीचा तुकडा म्हणजे ४-ब्रोमो-२-क्लोरोफिनॉल. तो शोधायचा तर लघवीचा नमुना हवा, तोही पहिल्या एकदोन दिवसांतला, आणि तो शोधण्याची स्वतंत्र पद्धत लावायला हवी. नेहमीच्या तपासणीत शोध घेतला जातो तो मूळ रेणूचा, जो तोपर्यंत उरलेला नसतो. तिसरी गोष्ट, आपल्या यादीत लघवी दिसतच नाही.

आमच्या विद्येची सुरुवातच प्यायलेल्या किंवा पाजलेल्या विषापासून झाली आहे. बेल्जियममधील बोकार्मे खून प्रकरणात जाँ सर्व्हे स्तास यांनी १८५० च्या सुमारास मृताच्या अवयवांतून निकोटिन वेगळे करून दाखविले, आणि त्यांच्या निष्कर्षण पद्धतीची सुधारित रूपे आजही व्हिसेऱ्यासाठी वापरली जातात. त्यानंतर मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या पद्धती आल्या, अत्यल्प प्रमाण मोजता येऊ लागले. तरी जे बरणीत आलेच नाही ते कोणतेही यंत्र दाखवू शकत नाही. सर्पदंशाच्या मृत्यूतही हेच घडते: सापाचे विष प्रथिनांचे असते, नेहमीच्या रासायनिक तपासणीत ते सापडत नाही, आणि अहवाल कोरा येतो.

एक सावधगिरीही सांगतो. कोऱ्या अहवालावरून विष नव्हते असे म्हणता येत नाही, तसे विष होते असेही म्हणता येत नाही. पुरावा दुसरीकडून आणावा लागेल.

प्रतिसाद (न्यायवैद्यक विभागातील डॉक्टर)

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. मृत्यूच्या कारणाचे मत शवविच्छेदन करणारे वैद्यकीय अधिकारी देतात, सी.ए. अहवाल हा त्या मतामागच्या आधारांपैकी एक असतो. अडचण अशी होते की मत राखून ठेवले जाते, प्रयोगशाळेचा अहवाल पोलीस ठाण्यात येऊन पडतो आणि तो घेऊन डॉक्टरांकडे परत जाण्याचे काम कोणी करीतच नाही. मग कोरा अहवाल हेच जणू अंतिम मत, असा समज कार्यालयांत रूढ होतो. आपल्याकडे नेमकी हीच कडी तुटलेली दिसते.

आपण लिहिलेला घटनाक्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. सेंद्रिय फॉस्फरस विषबाधेत पहिला झटका ओसरल्यावर, साधारणपणे २४ ते ९६ तासांच्या दरम्यान, मानेचे, हातापायांच्या वरच्या भागाचे आणि श्वसनाचे स्नायू दुबळे पडण्याची अवस्था काही रुग्णांत येते. श्रीलंकेतील सेनानायके आणि करालियाद्दे यांनी १९८७ साली तिचे वर्णन करून तिला ‘इंटरमीजिएट सिंड्रोम’ असे नाव दिले. बोलू लागलेला रुग्ण तिसऱ्या दिवशी मान उचलू शकत नाही, हे तिचे अगदी ओळखीचे लक्षण आहे. अ‍ॅट्रोपिनचा या दुबळेपणावर परिणाम होत नाही. कागद न पाहता निदान करणे योग्य नव्हे, म्हणून मी येथेच थांबतो. परंतु अंतिम मत देणाऱ्या डॉक्टरांपुढे हा क्रम तारीखवार आणि वेळेसह आला पाहिजे.

त्यासाठी रुग्णालयातील संपूर्ण केसपेपर मागावेत. त्यांत कोलिनएस्टरेज या रक्तातील विकराची तपासणी झाली आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. ही कीटकनाशके त्या विकरालाच निकामी करतात; त्यामुळे विषाचा रेणू नाहीसा झाला तरी त्याने केलेली हानी काही काळ मोजता येते. रक्तद्रवातील विकर काही आठवड्यांत पूर्ववत होते, लाल पेशींतील विकराला याहून बराच अधिक काळ लागतो. याशिवाय अ‍ॅट्रोपिन किती आणि किती वेळ द्यावे लागले, बाहुल्यांच्या नोंदी, यंत्रावर ठेवल्याची वेळ आणि ऊतींची सूक्ष्मदर्शक तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल, हेही जोडावे. या शेवटच्या तपासणीने हृदयविकारासारखी इतर कारणे वगळता येतात. शवविच्छेदनात फुप्फुसे सुजलेली आणि अवयव रक्ताने भरलेले दिसणे, यावरून एकट्याने काही सिद्ध होत नाही.

जाता जाता सांगतो, उलटी चूकही तितकीच घडते. अहवालात एखाद्या औषधाचा अंश आला की मृत्यू त्यानेच झाला असे गृहीत धरले जाते. मृत्यूनंतर काही औषधे अवयवांतून हृदयाजवळच्या रक्तात उतरतात आणि तेथील प्रमाण फुगलेले दिसते. म्हणूनच प्रमाण मोजायचे असेल तर मांडीच्या शिरेतील रक्त घेणे इष्ट मानतात.

प्रतिसाद (वकील)

कायद्याने विष सापडण्याची अट घातलेली नाही, आणि यावरचा सर्वांत गाजलेला निकाल आपल्या पुण्याच्याच प्रकरणातला आहे. डॉक्टर अनंत लागू यांनी मधुमेह असलेल्या लक्ष्मीबाई कर्वे यांना नोव्हेंबर १९५६ मध्ये रात्रीच्या गाडीने पुण्याहून मुंबईला नेले. सकाळी गोकुळदास तेजपाल रुग्णालयात त्या बेशुद्धावस्थेत दाखल झाल्या आणि काही तासांत मरण पावल्या. शवविच्छेदन अनेक दिवसांनी झाले, व्हिसेऱ्यात विष मिळाले नाही, आणि मधुमेहजन्य बेशुद्धी हे कारण लिहिले गेले. तरीही परिस्थितिजन्य पुराव्यावरून दोषसिद्धी झाली आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती कायम ठेवली. पुढे १९८४ च्या शरद सारडा निकालात विषप्रयोगाच्या खुनासाठी हेतू, विषानेच मृत्यू, आरोपीजवळ विष असणे आणि ते देण्याची संधी, असे चार मुद्दे सिद्ध झाले पाहिजेत असे सांगून न्यायालयाने आरोपीची सुटका केली.

ही उदाहरणे खुनाची आहेत, तेथे संशयापलीकडचा पुरावा लागतो. अनुदानाच्या अर्जाला तो निकष लावण्याचे कारण नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत जंतुनाशके हाताळताना झालेली विषबाधा स्पष्टपणे समाविष्ट आहे आणि मृत्यूसाठी २ लाख रुपयांची तरतूद आहे. आत्महत्या मात्र तीत बसत नाही. म्हणून अकस्मात मृत्यूच्या नोंदीतील जबाब, घटनास्थळाचा पंचनामा आणि कीटकनाशकाचा डबा जप्त झाला असल्यास त्याची नोंद, या तिन्हींच्या प्रती पोलीस ठाण्यातून घ्या. तोंडी उत्तरावर अवलंबून राहू नका; अर्ज नाकारायचा असेल तर कारणासह लेखी कळवावे, अशी मागणी आजच नोंदवा आणि पोच घ्या.

धागाकर्त्याचे उत्तर

सर्वांच्या सविस्तर प्रतिसादांबद्दल मनापासून आभारी आहे. केसपेपर मिळाले. दाखल झाल्या दिवशीचा कोलिनएस्टरेजचा अहवाल त्यांत आहे आणि त्यातील आकडा प्रयोगशाळेने छापलेल्या किमान मर्यादेच्या बराच खाली आहे. मान उचलता न येण्याची नोंदही वेळेसह आहे. डब्याचा उल्लेख पंचनाम्यात आहे, लेबलवरील नावासह. अडचण एकच उरली आहे. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली आहे. अंतिम मत आता कोणाकडून मागायचे?

प्रतिसाद (न्यायवैद्यक विभागातील डॉक्टर)

बदलीमुळे मत अडत नाही. तपास अधिकाऱ्यांनी सी.ए. अहवाल, केसपेपर आणि पंचनामा जोडून शवविच्छेदन झालेल्या रुग्णालयाच्या प्रमुखांच्या नावे लेखी विचारणा करावी. प्रमुख ती संबंधित डॉक्टरांकडे पाठवितात, किंवा उपलब्ध नोंदींवरून दुसऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे मत घेतात. तपास अधिकाऱ्यांना द्यायच्या अर्जात प्रश्न मोघम ठेवू नका. ‘विषबाधा होती का’ असे विचारण्यापेक्षा, ‘रासायनिक विश्लेषणात विष न आढळणे हे पाच दिवसांच्या उपचारांशी सुसंगत आहे का, आणि रुग्णालयीन नोंदी, कोलिनएस्टरेज व शवविच्छेदन यांचा एकत्रित विचार करता मृत्यूचे कारण काय’ असे दोन स्वतंत्र प्रश्न लिहा. उत्तर आले की त्याची प्रमाणित प्रत अर्जाच्या संचिकेत लावून घ्या.